दात वाजवणारी गाडी

गाडी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी वळली की सासूबाईंना कळायचं. खिडकीशी लावलेल्या खाटेवर त्या उशीला टेकून बसलेल्या असायच्या, डोळे मिटलेले, मान रस्त्याकडे जराशी कललेली. डोळ्यांना आता माणसं धूसर दिसत आणि मनाला त्याहून धूसर. पण कान मात्र तरण्याताठ्या बाईचे राहिले होते. संध्याकाळी रस्त्यावरून कितीही गाड्या गेल्या तरी त्या हलायच्या नाहीत. मग ती यायची, दात वाजवत. चिटक-चिटक, चिटक-चिटक, थंडीत उघड्यावर उभ्या राहिलेल्या पोरासारखी. सासूबाई डोळे उघडायच्या आणि म्हणायच्या, "आला गं धाकटा. ताट वाढा."

धाकटा यायचा नाही. धाकटा जाऊन वर्ष उलटलं होतं. गाडीवर असायची ती त्याची बायको.

तो गेला तेव्हा सगळ्यांसारखंच सासूबाईंनीही त्याला पाहिलं होतं. छातीत पाणी झालं म्हणून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात चालत गेला आणि चादरीत गुंडाळून घरी आला. त्याच्या कपाळावर हात ठेवून त्या बसल्या होत्या, उठवता उठेनात. पण त्यांच्या मनाची तेव्हाच चाळण झाली होती. दुसऱ्या सकाळी केस विंचरता विंचरता त्यांनी विचारलं, धाकटा कामावर गेला का? सुनेने खरं ते सांगितलं. सासूबाईंच्या हातातला कंगवा गळून पडला आणि त्या अशा रडल्या की जणू बातमी आत्ताच दारात आली आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. दुःखाला शिळं व्हायलाच सवड मिळेना. रोज ताजं, रोज पहिल्या धारेचं.

नणंद काही दिवस राहायला आली होती. जाताना बॅग उचलून दारात थांबली आणि म्हणाली, "वहिनी, रोज नव्याने मारू नकोस तिला. विचारलं तर विषय बदल."

सुनेने विषय बदलला. पण सासूबाईंची एक जन्माची सवय होती, धाकटा घरी आल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. तो शाळेत होता तेव्हापासूनची. विषय बदलला तरी ताट तसंच राहायचं. "तो आला की बसते," म्हणायच्या, आणि बसायच्या नाहीत. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

सून चष्म्याच्या दुकानात काम करायची. फ्रेमच्या मापाने काच घासायची, कडा गोल करायच्या, पाण्याखाली धरून पुन्हा घासायची. दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी लेकीला शाळेत सोडा, तिथून दुकान, संध्याकाळी परत. पायी चालून तिच्या पोटऱ्यांचे दगड झाले. अंगणात त्याची मोटरसायकल मेणकापडाखाली झाकलेली होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यानेच तिला मोकळ्या मैदानावर चालवायला शिकवली होती, मागे धावत, हसत, "क्लच सोड, मला नको सोडूस" असं ओरडत. एका सकाळी तिने मेणकापड ओढलं आणि गाडी काढली.

त्या संध्याकाळी ती परत आली तेव्हा आतून आवाज आला, "आला गं धाकटा." आणि कोणी न उठवता सासूबाई उठल्या, भिंत धरत धरत आल्या आणि ताटावर बसल्या. पोटभर जेवल्या. सून मोरीच्या दारात हात धूत उभी राहिली होती. नळ तसाच वाहत होता. सासूबाईंनी नळाकडे कान देऊन समाधानाने मान हलवली. आला, हातपाय धुतोय, आता बसेल जेवायला. तो बसेपर्यंत त्यांचे डोळे पेंगुळलेले असायचे.

मग ती रीतच पडली. गाडी अंगणात लावायची, बोलायचं काही नाही, मागच्या दाराने शिरायचं आणि नळ सोडायचा. सुनेने मनाशी एक गोष्ट घट्ट धरली होती: मी एक शब्दही खोटा बोललेले नाही. बोलते ती गाडी. मी फक्त हात धुते.

गाडीचा तो आवाज जुना होता. धाकट्याने सेकंडहँड घेतली तेव्हापासूनच इंजिनाच्या डाव्या अंगाला चिटक-चिटक सुरू होतं. तेव्हा सासूबाईंना तोच आवाज नकोसा व्हायचा. "ती गाडी एकदा दुरुस्त करून आण रे बाबा, ऐकवत नाही," असं त्या दारातच सुरू करायच्या. आणि तो बूट काढता काढता म्हणायचा, "आई, म्हातारपणी सगळ्यांचेच दात वाजतात. तुला मी कुठे बदलून आणली?" सासूबाई हसत हसत हातातला पंखा त्याच्या पाठीत घालायच्या. असं रोजचं भांडण, रोजचं हसू. सासूबाईंना यमक जुळवून बोलायची हौस. केव्हातरी त्याची वाट बघता बघता खिडकीशी गुणगुणायच्या,

येणाऱ्याची चाहूल बाई, दाराआधी कानाला,
जाणाऱ्याची चाहूल नाही, रानातल्या पानाला.

आणि एके दिवशी धाकट्याच्या फोनवर निरोप आला. त्याचा नंबर सुनेने बंद केला नव्हता. फोन कपाटात चार्जिंगला असायचा, कधीमधी वाजायचा, तिला तेवढंच बरं वाटायचं. निरोप गाडीच्या कंपनीचा होता. त्या काळात बनलेल्या त्या जातीच्या सगळ्या गाड्या कंपनी परत बोलावत होती. इंजिनातला एक भाग सदोष निघाला आहे, जवळच्या केंद्रात आणून फुकट बदलून घ्या, तोवर शक्यतो चालवू नका. वर धाकट्याचं नाव, आदराने, जणू तो निरोप वाचणारच आहे.

केंद्रात गाड्या तपासणारा फिटर होता, त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचा, म्हणून डॉक्टर. त्याने हिच्याही गाडीच्या बरगड्यांना कान लावला आणि कपाळाला आठी घातली.

इंजिनात एक साखळी असते, त्याने समजावलं. तिला ताणून धरायला एक टेन्शनर असतो, त्याच्या पोटात स्प्रिंग. या गाड्यांत ती स्प्रिंगच कच्ची निघाली. साखळी सैल पडली, कव्हरला घासते, म्हणून हा आवाज. वर्षानुवर्षं असंच चालतं, माणसाला वाटतं गाडीची सवयच आहे. पण एक दिवस स्प्रिंग साफ बसते, साखळी दात सोडते, इंजिन जाम. आणि इंजिन जाम म्हणजे धावत्या गाडीचं मागचं चाक जाम.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. नवीन टाकला की आवाज जाईल का?

"जाणारच की ताई. तोच तर आजार."

ती म्हणाली, उद्या आणते. आणि गाडी घेऊन घरी आली. चिटक-चिटक. आला गं धाकटा.

उद्याचा परवा झाला. कधी दुकानात काम फार, कधी लेकीची परीक्षा, कधी नुसतंच आज नको. निरोप पुन्हा आला, पुन्हा आला. ती हळू चालवायची, कडेने चालवायची, उतारावर जीव मुठीत धरायची. कान सारखे डाव्या पायाशी. रस्ताभर तो आवाज तिच्यासोबत असायचा आणि खरं सांगायचं तर तिलाही त्याची सोबत व्हायची. सासूबाईंनाच तेवढा भास होत होता असं थोडंच आहे? कोपऱ्यावरून वळताना एक क्षण तिलाही वाटायचं, आपण मागे बसलोय आणि पुढे पाठ आहे.

लेकीला घरात खारूताई म्हणायचे, कारण ती पेन्सिली कुरतडायची. नाव बापाने ठेवलेलं. एका सकाळी ती मागे बसून पाढे म्हणत होती आणि शाळेजवळच्या उतारावर गाडीने आचका दिला. आवाज एकदम थांबला, मग खाडकन काहीतरी वाजलं, मागचं चाक अडलं आणि रस्त्यावरून फरफटत गेलं. खारूताईचं कपाळ आईच्या पाठीवर आदळलं. आईने क्लच दाबला, चाक सुटलं, गाडी वाकडीतिकडी होत कडेच्या भिंतीला टेकून उभी राहिली. मागून येणारा टेम्पो त्यांच्या अंगावरून वारा घालत निघून गेला.

लेकीला काही झालं नव्हतं. कपाळावर तेवढा लाल वण. ती पाढ्यात चुकली म्हणून आई थांबली असं तिला वाटलं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली.

सून तिथेच रस्त्याच्या कडेला बसली. म्हातारीच्या एका घासासाठी मी पोरीला पणाला लावत होते, हे तिला शब्दांत सुचलं नाही, पण अंगात उतरलं. मग तिने गाडी पुन्हा चालू केली नाही. लेकीला शाळेच्या फाटकापर्यंत चालवत नेलं आणि तिथून गाडी ढकलत ढकलत केंद्रात आणली.

डॉक्टरने इंजिनाचं झाकण उघडून आत पाहिलं. साखळीने दात सोडला होता, एकच. आणखी सुटले असते तर तुम्ही मला भेटला नसता, एवढंच म्हणाला. नवा टेन्शनर, नवी साखळी घातली. जुना तुकडा पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली; कोणी चुकून पुन्हा वापरू नये म्हणून तो कंपनीकडे परत जायचा होता. तिने पिशवी हातात घेऊन पाहिली. बोटाएवढा तुकडा, आत मेलेली स्प्रिंग. एवढ्याशा गोष्टीवर आपलं घर चाललं होतं.

दुपारी गाडी चालू झाली. एकसारखी, मऊ, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी. डॉक्टर खूष होऊन तिच्याकडे बघायला लागला आणि बघतच राहिला. गाडी बरी झाली म्हणून कोणाचा चेहरा पडलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

तेव्हा ती बोलली. वर्षभरात पहिल्यांदा, आणि ते एका परक्या माणसापाशी.

"माझ्या सासूबाई त्या आवाजावर जेवतात."

डॉक्टरने हात पुसायचं फडकं खाली ठेवलं. तिने थोडक्यात सांगितलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, आजार नको, पण लक्षण पाहिजे, असंच ना? बघू या.

मग केंद्राच्या अंगणात दोघांनी मिळून एक आवाज शोधायला घेतला. त्याने चेनच्या कव्हराचा बोल्ट सैल केला. ती डोळे मिटून ऐकायला बसली आणि मान हलवली. हा भांड्यांचा आवाज झाला. त्याने बाजूच्या पेटीत दोन वॉशर टाकले. हा तर चिल्लर खिशात घेऊन पळणाऱ्याचा. तो कधी घाईत नसायचा. नंबरप्लेटखाली पत्रा लावला. हा फार मोठा माणूस झाला. बाकीचे फिटर हातातली कामं टाकून जमले. त्यातला एक म्हणाला, आमच्या डॉक्टरांनी आयुष्यभर आवाज घालवले, आवाज बसवून मागणारा पेशंट आज पहिल्यांदाच आलाय. डॉक्टरने त्याला पाना दाखवून गप्प केलं. पण हसली तीही. हसता हसता तिला हेही जाणवलं की धाकट्याबद्दल इतकं बारीक ती कोणापाशी बोललीच नव्हती. तो कसा यायचा, कसा वळायचा, फाटकापाशी गाडी कशी हळू करायचा. ज्यांच्यापाशी बोलायचं, त्यांच्यापासून तर ते लपवायचं होतं.

अखेर इंजिनाच्या खाली, गार्डाच्या आतल्या बाजूला, डॉक्टरने पत्र्याची एक अरुंद पट्टी तारेने अडकवली. चिटक-चिटक. तिने डोळे उघडले. जवळजवळ तोच.

"पडली तर पट्टी पडेल, तुम्ही नाही पडणार," डॉक्टर म्हणाला. "जा ताई. जेवू घाला त्यांना."

संध्याकाळी औषधांच्या दुकानापाशी ती वळली. चिटक-चिटक, चिटक-चिटक. खारूताई मागे बसली होती. "आई," ती कानाशी म्हणाली, "आज गाडी नाटक करतेय." तिने फाटकापाशी गाडी हळू केली, अगदी त्याच्यासारखी. अंगणात लावली, मागच्या दाराने आत आली, नळ सोडला आणि कान खिडकीकडे लावला.

"कोण आलंय गं?" सासूबाई विचारत होत्या. "कुणाची गाडी दारात? बघ जरा, पाहुणे दिसतात."

तिने ताट वाढलं, समोर ठेवलं. सासूबाईंनी हाताने मागे सारलं. तो येऊ दे. पाहुण्यांना विचार, वाटेत दिसला का म्हणावं.

नळ वाहत होता. तिने जाऊन तो बंद केला. मग अंगणात आली, गाडीखाली हात घालून ती पट्टी ओढून काढली. इंजिन गरम होतं, बोट भाजलं. पट्टी हातात घेऊन ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. तेव्हा मागे पावलं घासल्याचा आवाज आला. खारूताईच्या खांद्यावर हात ठेवून सासूबाई दारात आल्या होत्या. पाहुण्यांना आत का बोलवत नाहीस, म्हणत होत्या.

तिने त्यांचा हात धरला, दोन पायऱ्या उतरवल्या आणि तो हात गाडीच्या टाकीवर ठेवला. मग गाडी चालू केली.

सासूबाईंची बोटं टाकीवरच्या खोकेला लागली. धाकट्याने एकदा फाटकाला धडकवली होती तेव्हाची ती खोक. हात थबकला. त्यांनी कान पुढे केला.

"आपलीच आहे ही. बोलत का नाही?"

"दुरुस्त करून आणली, आई."

सासूबाईंचा सगळा चेहरा उजळला. "ऐकलं म्हणायचं त्याने. सांगून सांगून घसा कोरडा झाला होता माझा." तापातून उठलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा त्यांचा हात टाकीवरून फिरत राहिला. गाडी मुकाट धडधडत होती. मग हात थांबला.

"मग तो कुठाय?"

इतके दिवस या प्रश्नाला गाडी उत्तर द्यायची. आता गाडी बरी झाली होती. तिने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"तो गेला, आई. मागच्या हिवाळ्यात, दवाखान्यात. इथे आणला तेव्हा तुमचा हात त्याच्या कपाळावर होता."

सासूबाई उभ्याच राहिल्या. डोळ्यांतून पाणी आलं, वाट ठाऊक असल्यासारखं. म्हणाल्या, "मग रोज कोण येतं?"

"मी."

"या गाडीवर?"

"हो. सकाळी खारू असते मागे. कधी संध्याकाळीही."

आणि आपण सासूबाईंना सावरायचं या तयारीत असलेली ती गाडीच्या सीटवर डोकं टेकून रडायला लागली. त्या घरात तो गेल्यापासून तिचं रडणं कोणी ऐकलं नव्हतं. नळ सोडलेला असायचा. सासूबाईंनी चाचपडत तिचं डोकं शोधलं. त्यांचा तळवा तिच्या डोळ्यांवरून, गालांवरून फिरला, ओला झाला, पुन्हा फिरला.

"आणि मी एकदा विचारलं नाही गं," त्या म्हणाल्या, "तू जेवलीस का म्हणून."

त्या संध्याकाळी तिघी एका ताटात जेवल्या. फार नाही, दोन-चार घास. पण खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई सगळं विसरल्या होत्या. हे व्हायचंच होतं. संध्याकाळी गाडी औषधांच्या दुकानापाशी वळली, फाटकातून आत आली आणि अंगणात उभी राहिली, पण आत कोणाला चाहूल लागली नाही. खिडकीशी सासूबाई मान कललेल्या अवस्थेत तशाच बसून होत्या, रस्त्यावरच्या सगळ्या आवाजांतून एक आवाज वेचत. सून अंगणात क्षणभर थांबली. इतका शांत क्षण त्या अंगणात कधी नव्हता; आली आहे, पण अजून कुणीच आलेलं नाही. मग मागच्या दाराकडे न वळता ती पुढच्या पायऱ्या चढली, चपला काढल्या आणि उंबऱ्यातून हाक दिली.

"आई, मी आले."

खाटेवरची मान हळूच वळली.

"कोण?"

"मी, आई. मीच येते रोज." आणि ती त्यांच्याजवळ जाऊन बसली, त्यांचा हात हातात घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.